मागच्या दारापर्यंत रेंज

आमच्या घरात वायफाय आहे, हे मला लग्न ठरताना दोनदा सांगण्यात आलं होतं. एकदा मध्यस्थानं आणि एकदा खुद्द सासऱ्यांनी. "पोरगी बीडची हाय, शिकलेली हाय, तिला करमलं पायजे. आमच्या घरी वायफाय हाय," असं ते माझ्या वडलांना म्हणाले आणि वडलांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे आता आणखी काय पाहिजे. वायफाय घरात आहे म्हणजे नेमकं कुठं आहे, हे विचारायचं मला काही सुचलं नाही. बी.एस्सी. गणित, वर बी.एड., आणि एवढा साधा प्रश्न राहून गेला.

ते होतं बैठकीत. बैठकीतल्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

माझे सासरे सुंदरराव. त्यांना मी मामा म्हणते. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. निवडून आलेल्याला लोक कामं सांगतात, माजीला नुसता नमस्कार करतात, त्यामुळं मामांची तब्येत उत्तम आहे. गेवराईपासून सात किलोमीटर आत आमचं गाव. सकाळी सातपासून बैठकीत माणसं येतात, चहा पितात, आणि चहा पिता पिता वायफायचा पासवर्ड मागतात. मी यायच्या आधी कुणीतरी राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीचा फोटो काढला होता. आठ दिवसांत निम्मं गाव बैठकीच्या भिंतीला पाठ लावून पिक्चर बघायला लागलं. तेव्हा मामांनी त्यांच्या परीनं बंदोबस्त केला. पासवर्ड बदलला, राउटर कपाटात ठेवला, वायरीपुरतं मागून भोक पाडलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात.

वस्तू मोलाची असली की ती कुलपात ठेवायची, हे या घराला चार पिढ्यांपासून माहीत आहे. पण नेट लोखंडात कोंडलं की ते नेटच राहत नाही, हे मामांना कोण सांगणार? मला माहीत होतं, पण बैठकीत सून जात नाही. पुरुष बसलेले असताना तर नाहीच, आणि आमच्या बैठकीत पुरुष नाहीत अशी वेळ फक्त झाडलोट करायची. तेवढ्यातच मी त्या कपाटाला हात लावून परत यायचे.

घर असं: पुढं जुनी दगडी बैठक, भिंती दोन हात रुंद. मधे चौक. मागं नवीन स्लॅबच्या तीन खोल्या, त्यातली शेवटची माझी आणि अंगदची. अंगद म्हणजे माझा नवरा. माणूस वाईट नाही. वडलांसमोर त्याचा आवाज जातो, एवढंच. खोल्यांच्या मागं धुण्याचा दगड, लिंबाचं झाड, आणि कंपाउंडच्या भिंतीत मागचं दार.

त्या दाराबद्दल आधीच सांगून टाकते. दुपारी जेवणं झाली की मामा बाहेर, सासूबाई आडव्या, अंगद शेतावर. तीनच्या सुमारास मी ते दार उघडून बाहेर पडायचे. समोर टेकाड, टेकाडावर भामाबाईचा मेंढवाडा. तिचा नवरा सटवा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन दूर जातो, तो पावसाळ्यालाच येतो. ही मागं राहते, आजारी मेंढरं आणि पाच शेळ्या सांभाळत. मी गेले की चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा. डोक्यावरचा पदर खाली, पाय लांब, आणि तोंडाला येईल ते बोलणं. सासरी मला सगळे सूनबाई म्हणतात, अंगद नुसता 'ऐक की' म्हणतो. भामाबाई एकटीच मला उजे म्हणायची. माझं नाव उज्ज्वला आहे हे मलाही तिथंच आठवायचं.

आणखी एक. आमचं गाव दोन टॉवरच्या मधल्या खळग्यात आहे, घरात मोबाईलला नेट तर सोडाच, धड बोलणंही होत नाही. पण भामाबाईच्या टेकाडावर चार काड्या रेंज. मी तिथून आईला फोन करायचे. दूरवर हायवे दिसायचा, बीडला जाणारी एसटी दिसायची, आणि मी आईला सांगायचे, आता गाडी निघाली बघ, तासाभरात तुझ्याकडं पोचेल. अर्धा तास झाला की घरी. तीन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. लागला असता तर सुंदररावांची सून मेंढवाड्यात मांडी घालून चहा पिते, ही बातमी तालुक्याला पोचली असती.

दोन वर्षांपूर्वी वाळूच्या ट्रॅक्टरवरून मामांचं काही लोकांशी वाकडं आलं आणि एका सकाळी बैठकीच्या काचा फुटलेल्या सापडल्या. त्याच आठवड्यात घराला सहा कॅमेरे लागले, वायफायवर चालणारे. तेव्हापासून मामा कुठंही असले तरी फोनमध्ये घर बघतात. त्या कॅमेऱ्यांतून बोलताही येतं. बीडच्या कचेरीत बसून ते गोठ्यातल्या गड्यावर ओरडतात, "आरं, म्हशीला पाणी दाखीवलं का बे?" आधी म्हैस दचकते, मग गडी. पाचवा कॅमेरा मागच्या दाराच्या वर, बाहेरच्या अंगाला होता. बैठकीत पासवर्ड भरून तिथं टांगला त्याच दिवशी पाऊस आला, आणि मामांच्या फोनवर त्याचा चौकोन पहिल्यापासून काळाच. पाणी शिरून मेला असं सगळ्यांनी धरलं. त्याच्यावर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. मी रोज त्याच्या खालून जायचे आणि त्याच्याकडं बघतही नव्हते.

तर असं बरं चाललं होतं. मग ती नोकरी आली.

बीडची माझी एक मैत्रीण पुण्याच्या एका शिकवणीत ऑनलाइन विज्ञान शिकवते. तिनं माझं नाव दिलं. नववी-दहावीचं गणित, मराठी माध्यम, घरी बसून. अट एकच, चाळीस मिनिटांचा नमुना तास घेऊन दाखवायचा, व्हिडिओ चालू ठेवून. मधे दोनदा चित्र अडकलं तर नाव कट. दहा दिवसांनी मंगळवारी अकरा वाजता.

अंगदनं जेवताना कसंबसं ते मामांच्या कानावर घातलं. मी दाराआड उभी होते. मामांनी तोंडातली भाकरी संपवली.

"घरात बसून करायचं आसल तर करू दे," ते म्हणाले. "उंबऱ्याच्या भाईर न्हाई. बैठकीत न्हाई. आन् कॅमेऱ्यापुढं डोईवर पदर पायजे. शिकवायला का पदर आडवा येतो व्हय?"

मला एवढा आनंद झाला की मी दाराआड तोंडावर हात धरला. माझं स्वतःचं म्हणावं असं काहीतरी त्या घरात येणार होतं. सत्तावीस वर्षांची होते मी, आणि तीन वर्षांत एकदाही खडू हातात धरला नव्हता. ही नोकरी हातची गेली तर दुसरी दारात येणार नव्हती, कारण दारात काही येऊच देत नव्हते.

प्रश्न रेंजचा. मी वही घेतली, घराचा नकाशा काढला, फोनमध्ये वेग मोजायचं ॲप टाकलं आणि फिरायला लागले. बैठकीच्या आतल्या दारापाशी चार एमबीपीएस. तुळशीपाशी तीन. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोन, मिक्सर चालू असला की त्याहून कमी. आमच्या खोलीत शून्य पॉइंट सहा. आरशाचं कपाट भिंतीपासून सरकवलं तर पॉइंट आठ. पलंगावर उभं राहून फोन छताला लावला तर पॉइंट नऊ. व्हिडिओला निदान चार तरी पाहिजे होते, आणि मी पलंगावर उभी राहून प्रमेय शिकवू शकत नव्हते.

सासूबाई, म्हणजे आमच्या कौशल्याआत्या, दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घरभर फोन घिऊन कावून फिरायलीस गं? भूत हुडकायलीस का?"

"रेंज हुडकायले, आत्या."

"मंग ती बैठकीत आसंल. ह्या घरात जे काय चांगलं हाय ते बैठकीतच आस्तंय," असं म्हणून त्या लसूण सोलायला लागल्या. आत्या कधी कधी एवढं खरं बोलतात.

मी वाचून काढलं होतं सगळं. राउटर उंचावर पाहिजे, मोकळ्यावर पाहिजे, घराच्या मध्याकडं पाहिजे. लोखंड, आरसा, पाण्याची टाकी यांपासून लांब. आमचा राउटर पुढच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लोखंडात. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

पण मामांना काय सांगायचं? सुनेच्या नोकरीसाठी कपाट उघडा म्हटलं असतं तर नोकरीच बंद झाली असती. तेव्हा देवानं गाय पाठवली. त्या शुक्रवारी बैठकीत दहा-बारा माणसं, आणि मामा मोठ्या तोऱ्यात फोनवर गोठा दाखवत होते, "बगा, आजून व्याली न्हाई, उबीच हाय." तेवढ्यात गडी चिकाचं भांडं घेऊन चौकात आला. कालवड होऊन दोन तास झाले होते. फोनवरचं चित्र अडकलेलं होतं. कुणी हसलं नाही म्हणतात, पण मामांचा चेहरा दिवसभर उतरलेला होता.

मी अंगदला गाठलं. "अहो, मामांना सांगा, कॅमेरे कपाटामुळं अडकतात. राउटर बाहेर काढला आणि मागं एक दुसरा लावला की सगळे कॅमेरे पळतील. तुम्ही सांगा, तुम्हालाच सुचलं म्हणून."

"मला सुचलं म्हणलं तर इस्वास बसंल का त्यांचा?" अंगद म्हणाला. पण गेला बिचारा. आणि मामांनी नेटवाल्याला बोलावलं.

नेटवाला भागवत गेवराईचा. तो बैठकीत कपाटापाशी, मी बैठकीच्या आतल्या दाराआड, मधे अंगद. दार बोटभर उघडं. मी हळू बोलायचे, अंगद मोठ्यानं बोलायचा.

"कपाटाच्या वर नको," मी म्हणाले. "खिडकीवरच्या फळीवर, चौकाच्या अंगाला."

"कपाटावर नगं. खिडकीवरल्या फळीवर ठिव, चौकाच्या अंगाला," अंगद गरजला.

"अँटेना दोन्ही उभ्या नकोत. एक उभी, एक जरा आडवी."

"एक उबी कर बे, एक आडवी."

"इथून चौकातून वायर टाकायची, मागच्या खोल्यांच्या बोळीपर्यंत. पत्र्याखालून नको, भिंतीच्या कडेनं. बोळीत दुसरा राउटर लावायचा, वायरीवर. हवेतून उचलणारा नको, त्यात वेग निम्मा होतो."

अंगदला एवढं एका दमात पाठ होईना. भागवतनं दाराकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, आतून जे बोलायलेत त्यांस्नीच बोलू द्या की. त्यांना माझ्यापरास जास्त कळतंय."

मामा म्हणाले, "अंगदच बोलंल." मग अंगदच बोलला. मी दाराला कपाळ टेकून उभी होते. राग येत होता आणि हसूही येत होतं.

शेवटी भागवतनं विचारलं, दुसऱ्या राउटरला नाव वेगळं देऊ का तेच ठेवू? मी आधीच वाचून ठेवलं होतं. नाव तेच, पासवर्ड तोच. म्हणजे घरात कुठंही गेलं तरी फोन आपोआप जवळचा राउटर धरतो, आपल्याला काही करावं लागत नाही. "तेच नाव," मी म्हणाले. "तेच नाव," अंगद ओरडला.

एवढ्या सगळ्यात माझी चूक म्हणाल तर ते दोन शब्द.

बोळीतला हिरवा दिवा लागला. मी खोलीत जाऊन ॲप उघडलं. अठ्ठावीस. मला वाटलं चुकलं, पुन्हा मोजलं. एकोणतीस. मी खरंच पलंगावर बसून रडले. तीन वर्षांत त्या खोलीत इतकं चांगलं काही आलं नव्हतं.

दुपारी भामाबाईला सांगितलं. तिला वायफाय म्हणजे काय ते कळलं नाही, पण नोकरी कळली. "लागू दे एकदाची," ती म्हणाली. "माजी काळी शेळी व्यायला झालीच हाय. तुला चिकाचा खरवस करून घालते बग. त्या घरातला खात जाऊ नगंस, त्यात साखर लई आस्ती."

मंगळवारी अकराला मी पदर घेऊन बसले. मागं पांढरी चादर टांगली होती. समोर पडद्यावर तीन परीक्षक आणि पाच मुलं. विषय दिला होता वर्तुळाची स्पर्शिका. पहिली दोन मिनिटं माझं सगळं लक्ष चित्राकडं, अडकतंय का, तुटतंय का. मग विसरले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, स्पर्शिका वर्तुळाला एकाच ठिकाणी का शिवते?" आणि मी समजावत सुटले. चाळीस मिनिटं संपली हे परीक्षकांना सांगावं लागलं. चित्र एकदाही अडकलं नव्हतं. तिघांतल्या बाई हसून म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, सोमवारपासून तीनची बॅच घ्या. आणि तुमचं नेट फार छान आहे हो. खेड्यातलं वाटत नाही."

मी लॅपटॉप मिटला आणि उठले. आत्या देवळात गेल्या होत्या. मामा बीडला. मला तीन वाजेपर्यंत थांबवेना. पायात चप्पल नाही, पदर कुठं गेला शुद्ध नाही, मागचं दार उघडून मी धूम पळत सुटले. टेकाडावर जाऊन भामाबाईला मिठी मारली. ती शेणाच्या हातानं मला ढकलत होती आणि हसत होती. तिथूनच आईला फोन केला. आई रडली, मी रडले, शेळ्या बघत राहिल्या. भामाबाईनं चहा टाकला. चांगला तासभर बसले त्या दिवशी.

संध्याकाळी पाचला मामा आले. बैठकीत न जाता सरळ चौकात आले. अंगदला हाक मारली, मला बोलावलं. मला वाटलं नोकरीचं विचारतील. मी पेढ्यांऐवजी साखर आणली होती वाटीत.

मामांनी साखर घेतली, तोंडात टाकली. मग फोन काढून आमच्यापुढं धरला.

"बग, अंगद. पाचवा चालू झाला. काळाच हाय म्हणून म्या आजवर त्याच्याकडं बगतच न्हवतो. मेलेला न्हवताच. त्याला निस्ती रेंज न्हवती."

फोनवर मी होते. मागचं दार उघडून पळणारी, डोकं उघडं, अनवाणी. लिंबाच्या सावलीतून उन्हात जाऊन मागं वळले तेव्हा माझे दातसुद्धा दिसत होते. वर कुंभारणीच्या घराची कड दिसत होती. मग रिकामं दार. मग तासाभरानं मी परत येताना, हातात पेला, पदर सावरताना.

मला तेव्हाच सगळं समजलं. त्या कॅमेऱ्यात दोन वर्षांपूर्वी भरलेलं नाव आणि पासवर्ड तसेच होते. तो बिचारा दोन वर्षं तेच नाव शोधत बसला होता. मी ते त्याच्या डोक्यावर आणून ठेवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, माझा तर मारुतीही झाला नाही, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. दुसरं कुठलंही नाव दिलं असतं, अगदी 'म्हैस' असं दिलं असतं तरी तो काळाच राहिला असता.

"बीडला बसून बगितलं म्या," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "चित्र लई साफ आलंय. आज तू गेल्तीस. उद्या त्या दारानं दुसरं कुणी आत आलं तर? वाळूवाले टपूनच हायेत. आन् तुला आता भाईर काय काम हाय? तुझी नोकरी घरात, तुझं नेट घरात. समदं आत आणून दिलंय ना?"

अंगद माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं. बोल की, एकदा तरी स्वतःचं बोल. तो फोनकडं बघायला लागला.

"मामा, तिथं फोनला रेंज आहे म्हणून जात होते. आईला फोन करायला."

"आता हिथंच हाय की रेंज. हितून कर. वायफायवरबी फोन लागतो, मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. त्यांचं खरं होतं. ती रेंज मीच आणली होती.

त्यांनी स्वतः जाऊन मागच्या दाराच्या साखळीला आतून कुलूप घातलं. लोखंडी कपाट आता रिकामंच होतं, त्याचंच कुलूप. किल्ली पुन्हा बंडीच्या खिशात. आणि जाता जाता माझा फोन मागून घेतला, त्यात कॅमेऱ्यांचं ॲप टाकायला लावलं. "तुला कळतंय ह्यातलं. मी भाईर आसल्यावर तूच बगत जा. कोण यायलंय, कोण जायलंय." हे त्यांनी कौतुकानं केलं, हे मला आजही सहन होत नाही. ते मला शिक्षा करत नव्हते. ते मला मान देत होते.

बोळीतल्या राउटरचं नाव बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. कॅमेरा परत आंधळा झाला असता. मी फोनवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडलंसुद्धा. पण दाराला कुलूप लागलेलं होतं, आणि कॅमेरा बंद पडला तर विचारणा मलाच होणार होती. मी ते पान बंद केलं. चार दिवस मी भामाबाईला निरोपही देऊ शकले नाही, तिच्याकडं साधा फोनही नाही. बुधवारी तीनला ती टेकाडावरून घराकडं बघत उभी होती. शुक्रवारीही. कॅमेऱ्यात ती लांब, बोटाएवढी दिसायची. एकदा मी भिंतीच्या आतून हाक मारली, पण वारा उलटा होता, आणि आत्या झोपलेल्या होत्या.

सोमवार आला. पहिली बॅच. पावणेतीनलाच मी पदर घेऊन बसले. लॅपटॉप समोर, त्याच्या बाजूला मामांच्या सांगण्यावरून फोन उभा करून ठेवलेला, सहा चौकोन. गोठा, गेट, बैठक, चौक, मागचं दार, ट्रॅक्टर.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पाचव्या चौकोनात भामाबाई आली.

थेट दारापाशी. हातात ताटली, वर फडकं झाकलेलं. काळी शेळी व्याली होती. तिनं दार ढकललं. परत ढकललं. मग कडी वाजवली.

"उजे," ती म्हणाली. "ए उजे."

फोनमधून तिचा आवाज एवढा स्पष्ट आला की ती खोलीतच आहे असं वाटलं. मी फोन उचलला आणि माईकचं बटण दाबून धरलं.

"मावशी."

भामाबाई दचकली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग मान वर करून लिंबाच्या झाडात बघितलं.

"कुटं हाईस गं?"

"आत आहे. घरात."

"आवाज तर लई जवळून यायलाय. मंग दार उघड की. खरवस आणलाय, थंड व्हायलाय."

"कुलूप लावलंय, मावशी."

"कावून?"

मी बटण तसंच दाबून धरलं होतं. काय सांगणार होते? मी रेंज वाढवली म्हणून? तिनं फडकं सारखं केलं, दाराला कान लावला, तशीच उभी राहिली. तिला वाटत होतं मी दाराच्या पलीकडं आहे.

"बरं," ती म्हणाली. "किल्ली सापडू दे निवांत. मी बसते हितं."

आणि ती उंबऱ्यावर बसली, दाराला पाठ टेकून, ताटली मांडीवर. मला तिची फक्त टाळू दिसत होती, आणि पदराचं टोक वाऱ्यानं हलताना. ते हलणंसुद्धा जराही न अडकता दिसत होतं.

लॅपटॉपवर तीन वाजले. मुलं आत यायला लागली. अकरा, सतरा, बावीस. बावीस चेहरे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचा आवाज येत नाही." दुसरा म्हणाला, "मॅडमचं नेट गेलं वाटतं. खेड्यात आहेत ना त्या."

नेट गेलं नव्हतं. मी फोन पालथा ठेवला, डोळे पुसले, पदर डोक्यावर नीट ओढला आणि माईक चालू केला.

"येतोय का आता आवाज?"